कृष्णेच्या बेटावरचं ग्रहण

हळदीच्या व्यापाऱ्याचं धोतर कितीही आपटून धुवा, त्यातला पिवळा रंग काही जात नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. माणूस धंद्याला म्हणून येतो, गादीवर बसतो, चार माणसं भेटतात, आणि घरी जाताना अंगाला काहीतरी लागलेलं असतं. सांगलीच्या पेठेत माझ्या दुकानी रोज दिवेलागणीला जी बैठक बसायची, तिथं तर असे थरावर थर बसलेत. एकट्या ग्रहणाचंच घ्या. लढाईचे दिवस होते. ग्रहण सकाळी लागलं आणि सकाळीच सुटलं, पण आमच्यापुरतं ते अजून सुटलेलं नाही.

बैठकीत आम्ही चौघं. मी, गुळाचे व्यापारी अण्णा शेटे, उंब्रजचे ऊसवाले आबा पाटील, जे गूळ घेऊन आले की आठवडाभर अण्णांकडंच मुक्काम ठोकायचे, आणि हळदीतले आमचे सगळ्यांचे गुरू, करीमभाई.

* * *

ग्रहण बघायचं खूळ करीमभाईंचं. त्यांची नजर तेव्हा विझत आली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी औषध दिलं नाही, सरळ सांगितलं, "आहे तोवर काय बघायचं ते बघून घ्या."

आम्ही विचारलं, "मग काय बघणार, करीमभाई?"

ते म्हणाले, "ग्रहण. एकदा हुकलंय."

ऐन जवानीत ते हळदीच्या पेवात उतरले होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची कोठी. माणूस दोरानं आत सोडायचा आणि दोरानंच वर घ्यायचा. करीमभाई तळाशी पोती भरत असताना वर खग्रास ग्रहण लागलं. वरची माणसं दोर टाकून घराकडं पळाली.

"वर बघितलं तर पेवाचं तोंडच गेलेलं," करीमभाई सांगायचे. "मला वाटलं, ह्यांनी मला जिता पुरला."

उजेड झाल्यावर माणसं परतली, त्यांना वर काढलं. वर येताच करीमभाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कसं दिसलं रं?"

"आमी कुठं बघितलं? दारं लावून बसलो हुतो की."

* * *

ग्रहणाची बातमी अण्णांनी वाचली. वाचली म्हणजे अण्णांच्या पद्धतीनं, मधल्या दोन ओळी सोडून. लढाईआधीच्या एका ग्रहणाला साहेब लोक बोटीत बसून कुठल्याशा बेटावर हवा खायला गेले आणि तिथून त्यांनी खग्रास पाहिलं, असं त्यात आलं होतं. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि निकाल दिला, "खग्रास बेटावरनंच दिसतं."

आबा म्हणाले, "मग आपल्याला कसं दिसायचं?"

"का? कृष्णेत बेट न्हाई व्हय?"

हरिपूरच्या खाली नदीत वाळूचं एक बेट आहे. चार बाभळी आणि बाकी सगळं लव्हाळं. पावसानं ओढ दिल्यामुळं त्या वर्षी ते अजून पाण्याबाहेर होतं. सुट्टीला लोक तिथं भाकरी बांधून जात. साहेबाच्या बेटाची बरोबरी झाली म्हणून अण्णा खूश.

मी शाळा चौथीत सोडलेला माणूस, पण विचारून घ्यायची सवय आहे. विश्रामबागेत एक प्रोफेसर राहायचे, त्यांना गाठलं. ते हसले. म्हणाले, "बेटाचा काही संबंध नाही. आणि आपल्याकडून खग्रास दिसणारच नाही. थोडा सूर्य शिल्लक राहील."

बैठकीत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. करीमभाईंनी ऐकून घेतलं. अण्णा म्हणाले, "प्रोफेसरास्नी पोहता येत नसंल."

* * *

मग काचा काळ्या करायचा उद्योग. रॉकेल रेशनवर, दुकानातही काच मिळेना. अण्णांनी सासऱ्याच्या तसबिरीची काच काढली, चार तुकडे केले आणि चिमणीवर धरून काजळी चढवली.

वहिनी म्हणाल्या, "आवं, बाबांच्या तोंडावर आता धूळ बसंल."

अण्णा म्हणाले, "जिते असताना त्यांनी मला एक ताट सुदीक दिलं न्हाई. आता काच तरी देऊ देत."

दुकानात आम्ही आळीपाळीनं काचा डोळ्याला लावून दिवा बघितला. कुणी म्हणालं काजळी जाड झाली, कुणी म्हणालं पातळ. करीमभाईंनी काच लावली, काढली, परत लावली.

"अण्णा, लय नामी झालीय," ते म्हणाले. "लावली काय, न लावली काय, सारखंच."

त्या दिवशी बैठक लवकर मोडली.

* * *

ग्रहणाचे वेध लागले की जेवण नाही. अण्णांच्या आईंनी नंतरच्या खाण्याचा डबा दिला आणि त्यात इतकी तुळशीची पानं घातली की भाकरी शोधावी लागली असती. आबांना भूक निघेना. त्यांचा थोरला पलटणीत होता.

"आमचा भिमा लिहितो, मिल्ट्रीत येध-बिध काय न्हाई. बिगूल वाजला की जेवायचं."

अण्णा म्हणाले, "मग वाजवा बिगूल."

करीमभाई पहाटेची नमाज पढून आले होते. त्यांना कसले वेध? खिशात खजूर होते, तरी त्यांनी हात लावला नाही. आबांनी खुणावलं, "तुमी तरी खावा की."

"चौघात एकानं खाल्लं तर ती खादाडी होती, गड्या. चौघांनी न्हाई खाल्लं तर उपास."

* * *

नावाडी म्हणजे लय खट माणूस. म्हणाला, "गिरानात नाव पाण्यात घालनार न्हाई. लागायच्या आदी सोडतो, सुटल्यावर न्यायला येतो."

आबांना बेटावर अडकायची कल्पना पसंत नव्हती. "आन सुटलंच न्हाई तर?"

नावाड्यानं वल्हं पाण्यात घातलं. "मग तुमास्नी घरला जाऊन तरी काय करायचंय?"

* * *

बेटावर आम्ही एका बाभळीपाशी वाळूत बसलो. आभाळात कापसासारखे ढग होते, पण सूर्य मोकळा होता. थोड्या वेळानं त्याच्या कडेला चावा पडलेला दिसला. अण्णा ओरडले, "लागलं."

करीमभाईंनी काच डोळ्याला लावली. मान वर, इकडं, तिकडं. मग काच हळूच वाळूवर ठेवली. सूर्याचा रुपया कुरतडला जात होता, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो माणूस आपल्या गुडघ्यांकडं बघत बसला होता.

जरा वेळानं त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या मांडीवर टाकला आणि त्याखाली हात घातला. "रामभाऊ, बोली चालू करा."

आमच्या हळदीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. आणि रुमालाखाली जो खोटं बोलला, त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

मी एका हातात काच धरली, दुसरा रुमालाखाली घातला. अख्खा सूर्य म्हणजे सोळा आणे. झाकला गेला तेवढा भाव. चार आणे दाबले. त्यांनी मान हलवली. सहा. आठ. वाळूचा रंग उतरायला लागला. बारा आणे झाले तेव्हा उन्हातली ऊब गेली. नदीपलीकडून "दे दान, सुटे गिरान" अशी आरोळी आली. बगळे घाईघाईनं बाभळीवर येऊन बसले. बाभळीच्या पाल्यातून झिरपणारे कवडसे करीमभाईंच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले होते, आणि त्यातला प्रत्येक कवडसा चंद्राच्या कोरीसारखा झाला होता. आबा त्या सदऱ्याकडं बघतच राहिले.

चौदा आणे. मी दाबलं आणि थांबलो. वर कोर तशीच होती, पुढं सरकेना.

करीमभाईंच्या बोटांनी माझी बोटं चाचपली आणि सोळा मागितले.

मी पुन्हा चौदा दाबले.

त्यांनी पुन्हा सोळा मागितले. या वेळी जरा जोरात.

अण्णांना रुमालाखालचं दिसत नव्हतं, पण माझं तोंड दिसत होतं. माझ्या कानाशी येऊन ते कुजबुजले, "म्हण की सोळा. तुझं काय जातंय?"

वरची कोर काचेतून मला स्वच्छ दिसत होती. मी चौदाच दाबले.

करीमभाईंनी माझी बोटं थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग सौदा पटल्यावर धरतात तसा पंजा दाबला, रुमाल उचलला आणि झटकून खांद्यावर टाकला.

"पटलं चौदाला," ते सूर्याकडं मान करून म्हणाले. "दोन आणे राहू देत त्याच्याजवळ. समदंच काढून घेतलं, तर उद्या बाजारात येईल कसा?"