पोशीच्या सहा पुरचुंड्या

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंटच्या कुंपणाशी आवळे खाऊन वर पाणी प्यायचो, ते किती गोड लागायचं, आठवतं? ते आवळे विकणारी थळची पोशी आज पहाटे गेली.

इतकी वर्षं माझा दमा तिच्याच काढ्यानं आटोक्यात राहिला. कसली मुळी, ते मात्र सांगत नसे. मी वही उघडली की हसायची, "नाव सांगला का गुन जाते गो बाय! तुज्या मडमांनी ह्या न्हाय शिकवला?"

परवा तिचा निरोप आला, "वही घेऊन ये गो." मी थट्टा समजून घरीच राहिले आणि आज, ती गेल्याचं कळल्यावर, तिच्या घरी गेले.

तिच्या सुनेनं सहा पुरचुंड्या पुढ्यात ठेवल्या. "आयनं दोन दिस तुमची वाट बगली," एवढंच म्हणाली. अडुळशाचा पाला आणि गुळवेल मी ओळखली. बाकी चार मुळ्यांची नावं पोशीबरोबर गेली.

आपल्यातल्या खोकणाऱ्या मेरीला अडुळसा पोचवा, तापातून उठलेल्या शांतेला गुळवेल. उरलेल्या चारांत माझ्या दम्याची एक आहे. कुठली ते कळत नाही, म्हणून चारही माझ्याकडेच राहू देत. कोरी वही मात्र, जिच्या गावात अशी पोशी अजून आहे, तिनं न्यावी. आणि निरोप आला की त्याच दिवशी जावं.