शकुबाईच्या हातचं पोतं

ड्रममध्ये ठण् असा आवाज झाला आणि हौसेरावांनी आधी पायापाशी पडलेली सुतळी पाहिली.

शिरवणे गावाच्या अंगाला असलेल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यात ते ड्रम चालवत. कोऱ्या पँटी हलक्या, सच्छिद्र दगडांबरोबर घुसळल्या की जुन्या दिसतात. विटकी कापडं घालायची ही शहरी हौस नावात हौस असूनही त्यांना कधी कळली नव्हती. दगड येत समुद्रापलीकडच्या एका बेटावरून. शेकडो वर्षांपूर्वी तिथला डोंगर फुटला, माथा आत खचला, आणि राखेचा नि फेसाळ दगडांचा पेटता लोट गावं गिळत समुद्राला जाऊन भिडला. थिजलेला तो लोट आता खणून पोती भरतात. त्यात डोंगराचे जुने, काळे, टणक तुकडेही सापडतात, आणि असा एक जरी ड्रममध्ये गेला तरी पँटींच्या चिंध्या होतात. म्हणून बायका दगड पाण्याच्या टाकीत टाकून बघतात. तरंगला तो घ्यायचा, बुडाला तो फेकायचा. भरलेल्या पोत्याला मग प्रत्येकीची आपापली गाठ.

ड्रमपाशी पडलेल्या सुतळीची गाठ शकुबाईची होती, हौसेरावांच्या बायकोची. ‘यापुढे जिची चूक, ती घरी,’ असं सुपरवायझर रणजीतने कालच सगळ्यांना बजावलं होतं. पुन्हा ठण् झालं. हौसेरावांनी ड्रम बंद केला आणि सुतळी खिशात कोंबली.

रणजीत धावत आला. फाटकी पँट बघून त्याचं डोकंच फिरलं. “कोणाचं पोतं?”

“माजं चुकलं, सायेब. न निवडलेलंच वतलं.”

“अख्खा लॉट गेला, काका! उद्यापासून येऊ नका.”

टाकीवरचे हात थांबले. शकुबाई ओल्या हातांनीच आली आणि ड्रममध्ये वाकून तिने दगड शोधून काढला. काळाकुळकुळीत, पण एका अंगाला पांढुरका फेसाळ थर अजून चिकटलेला. हौसेरावांच्या लक्षात आलं. तो थर चहूबाजूंनी जाड होता तोवर हा दगड तरंगलाच असणार. ड्रममध्ये घासून थर गेला आणि पोटातला काळा उघडा पडला. यात तिची काय चूक?

“पोतं माजं हाय,” शकुबाई म्हणाली. “आन् ह्यो पान्यावर तरंगला व्हता.”

रणजीतने दगड उलटापालटा करून पाहिला. त्याचा आवाज उतरला. “मग काका, तुम्ही खोटं का बोललात?”

हौसेरावांनी खिशातली सुतळी बाहेर काढली.

“त्यास्नी वाटलं, मीच चुकले,” शकुबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “येकदा इचारायचं तरी मला.”

आणि ती टाकीवर परत गेली.