विलायतेची फारकत

दुष्काळ सरला त्या वर्षी ताईचं लग्न झालं. नवरा सहकारी साखर कारखान्यात फिटर, पण बोलणं साहेबाचं. मशीन बसवायला आलेल्या एका इंजिनिअरच्या ओळखीनं तो इंग्लंडला गेला आणि तिकडंच रमला. दोन वर्षं पत्रं आली. मग एक लांबडं पाकीट आलं, रजिस्टरनं.

इंग्रजी येणारी घरात मी एकटी, म्हणजे नववीतली. डिक्शनरी घेऊन दुपारपर्यंत झटले तेव्हा एवढंच कळलं, की तिथल्या कोर्टानं दोघांची फारकत केली आहे. खाली गोल लाल शिक्का होता. ‘सुटले एकदाची,’ म्हणत ताई भाकरी थापायला बसली. मला तिचा राग आला. तिनं रडावं असं मला वाटत होतं.

आमच्या वडिलांना, दादांना, कायद्याचं भारी कौतुक. कायदा आपल्याच माणसानं लिहिलाय, असं ते छाती फुगवून सांगत. शिक्का दिसला म्हणजे विषय संपला. पोरगी मोकळी झाली, असं त्यांनी आमच्या तेर गावात सगळीकडं सांगून टाकलं. महिन्याभरात एका विधुर मास्तरांचं स्थळ आलं. ताईला ते मनापासून आवडले. आरशासमोर ती जरा जास्तच वेळ उभी राहू लागली आणि मी चिडवलं की लाटणं उगारू लागली.

तारीख धरण्याआधी दादा मला घेऊन उस्मानाबादला वकिलांकडे गेले, कागद मिरवायलाच खरं तर. वकिलांनी तो वाचून परत दिला.

‘तिथं तो मोकळा, पण इथं पोरगी अजून त्याची बायकोच आहे. दुसरं लग्न लावलंत तर तिच्यावरच खटला होईल.’

‘मंग इथं दावा लावू की.’

‘लावा. तो राहतो विलायतेत, निकाल लागायलाच वर्षं जातील. मास्तर थांबतील का?’

मास्तरांची पोरं लहान होती. ते थांबणार नव्हते.

वाट वकिलांनीच काढली. जावई दिवाळीला गावी यायचा होता. दोघांनी पंचांसमोर एक काडी धरून मोडायची, झाली फारकत. जातीची जुनी रीत असेल तर कोर्टही काडीमोड मानतं. फक्त कागदावर जात लिहायची, आणि ही रीत आमच्यात चालते असं बापानं सांगायचं.

परतताना एसटीत दादा तो शिक्क्याचा कागद मांडीवर घेऊन बसले. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव त्यांनी स्वतः तेरणा नदीत सोडले होते. जातपंचांच्या बैठकीला त्यानंतर ते कधी गेले नव्हते. घरी ताईनं सगळं ऐकून घेतलं. ‘ऱ्हाऊ द्या, दादा. मास्तरांना न्हाय म्हणून सांगा,’ म्हणाली, आणि मग मात्र रडली.

दिवाळीनंतर पंच बसले. दादाही बसले, धुतलेला पांढरा सदरा घालून. ताईनं आणि जावयानं काडी मोडली. वकिलांचा कारकून स्टॅम्पपेपर लिहायला लागला.

‘जात?’

‘बौद्ध,’ दादा म्हणाले.

‘बौद्धांत ही रीत न्हाय. कागद टिकायचा न्हाय. आधीची सांगा.’

‘नका, दादा,’ ताई म्हणाली.

दादांनी जात सांगितली. जन्मल्यापासून मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. इतक्या हळू सांगितला, की कारकुनानं पुन्हा विचारलं. मग त्यांनी ताईकडं बघितलं आणि सगळ्या बैठकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितला.