विमान थोडा वेळ थांबविणेबाबत

भंडाऱ्याकडच्या एका तहसील कचेरीच्या आवारात, फाटकातून शिरताना उजव्या हाताला, मी कित्येक वर्षांपासून टेबल-खुर्ची मांडून बसतो. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीच्या वर्गात बसलो, परीक्षेला बसलो नाही. परंतु भाषेवर माझी जी पकड आहे ती शाळेने दिलेली नाही, सबब शाळा सुटल्याने ती सैल झालेली नाही. वारसाची नोंद असो, पांदण रस्त्याची हरकत असो, नावातील दुरुस्ती असो, माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. वकील मंडळीसुद्धा आपले पक्षकार माझ्याकडे पाठवतात. हे मी बढाई म्हणून नमूद करीत नाही. पुढील हकिगत समजण्यासाठी ते माहीत असणे आवश्यक आहे.

या धंद्यात मी दोन नियम पाळत आलो. पहिला, एका अर्जात एकच मागणी करावी. दोन मागण्या एकत्र केल्या की एकीच्या निमित्ताने दुसरीही अडकून पडते. दुसरा, पोच घेतल्याशिवाय जागा सोडू नये. म्हणजे आपल्याजवळच्या प्रतीवर समोरच्याने सही-शिक्का करून 'मिळाला' असे लिहून दिल्याखेरीज अर्ज दिला असे समजूच नये.

हा दुसरा नियम मला आईने दिला. आमचे जुने गाव वैनगंगेच्या काठी होते; ते धरणाच्या पाण्यात गेले. मोबदल्यासाठी घरांची मोजणी झाली तेव्हा मी शाळेत होतो. घरामागचा गोठा कागदावर आला नव्हता. वडिलांनी सांगितले आणि मी लिहिले, तो माझ्या आयुष्यातील पहिला अर्ज. अर्ज घेऊन आई माझ्यासोबत कचेरीत आली. समोरचा माणूस म्हणाला, "ठेवून जा." आई म्हणाली, "शिक्का मार बाप्पा, मंग जातो." तो उठून चहाला गेला, परत आला, तरी ती तिथेच उभी. शेवटी त्याने शिक्का मारला. पुढे त्या अर्जांच्या ढिगात आमचा मूळ कागद काही हाती येईना, तेव्हा आईने ट्रंकेतून शिक्क्याची प्रत काढून दिली आणि गोठा मोजला गेला. नव्या गावठाणात पाण्याच्या टाकीवर ती बायकांना सांगायची, "माह्या पोराचा कागद होता म्हनून." मी अर्जनवीस झालो तो त्या वाक्यामुळे.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर दूर गेली. जावई केंद्र सरकारच्या नोकरीत. बदल्या होत होत कोचीला स्थिरावले. गेल्या वर्षी बहिणीचे यकृत बिघडल्याचे कळले. आधी फोनवर ती हसून बोलायची, मग नुसती बोलायची, मग जावईच बोलू लागले. कार्तिक संपता संपता एका दुपारी त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज कोरडा होता.

"दादा, माईंना घेऊन या. डॉक्टर म्हणतात, शुद्धीवर आहे तोवर भेट होऊ द्या. आणि दादा, तिला काही जात नाही पोटात. म्हणते, माईच्या हातची पेज पाहिजे. नव्या चिन्नोरची."

चिन्नोर हा आमच्याकडचा सुवासिक तांदूळ. शिजू लागला की शेजारच्या घरी कळते. आईने त्याच संध्याकाळी कोंढा गावच्या मावसभावाकडून नवे तांदूळ मागवले, निवडले, एका पिशवीत भरले आणि पिशवीचे तोंड दाभणाने सुतळी घालून शिवून टाकले. स्वतःच्या कपड्यांची तिने काही तयारी केली नाही.

तिकिटे काढण्यासाठी मी कचेरीसमोरच्या ऑनलाइन सेवा केंद्रात गेलो. केंद्र चालवणारी बाई मला थट्टेने वकीलसाहेब म्हणते.

"वकीलसाहेब, तुमी इमानात? कचेरी बंद पडून जाईन ना मंग!"

मी कारण सांगितले तशी ती पडद्याकडे पाहू लागली. नागपूरहून मुंबई, मुंबईहून कोची. "एकातच काढू दोन्ही? का वेगळे वेगळे?"

"वेगळे," मी म्हणालो. "एकाची भानगड दुसऱ्याच्या गळ्यात नको. एक रद्द झाले तर दुसरे तरी जिवंत राहील."

"पन मधात वेळ कमी दिसून राहिला."

"मुंबई उतरणे आणि मुंबई चढणे, एकाच छपराखाली आहे. किती वेळ पाहिजे?"

तिने दोन तिकिटे वेगवेगळी काढून दिली. मी ती दोन स्वतंत्र पाकिटांत ठेवली. माझ्या पद्धतीप्रमाणे काम चोख झाले होते.

नागपूरच्या विमानतळावर आईने तांदळाची पिशवी पट्ट्यावर ठेवली, तेव्हा मी तिथल्या मुलाला विचारले, "ही कोचीलाच निघेल ना?" तो म्हणाला, "नाही काका, मुंबईपर्यंतच. पुढचे तिकीट वेगळे आहे तुमचे. तिथे उतरवून घ्या आणि पुन्हा जमा करा." त्याच्या बोलण्यात काही विशेष नव्हते. पण मी दोन्ही पाकिटांतली तिकिटे काढून मधला वेळ पुन्हा मोजला.

विमान उशिराने सुटले. मुंबईवर आल्यावर खाली उतरायला जागा मिळेना, म्हणून समुद्रावर गिरक्या घेत राहिले. आई खिडकीशी बसली होती. पहिल्यांदाच विमानात बसलेली माणसे काही तरी विचारतात. तिने काहीच विचारले नाही. एकदाच म्हणाली, "बाबू, हे पानी आपल्या धरनावानी दिसते. खाली गाव असनं का?"

"समुद्र आहे माय. खाली काही नाही."

"काही नाही कसं," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर पाहत राहिली.

उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी आम्ही उभे राहिलो. लोकांच्या रंगीत पेट्या येत होत्या, आमची पिशवी येत नव्हती. मी म्हणालो, "माय, पिशवी राहू दे. पुढचे विमान निघून जाईल. तांदूळ तिकडेही मिळतात."

"तिनं तिकडले नाही मांगतले," आई म्हणाली. "हात हालवत गेलो त तिले काय दाखवू? तोंड?"

रिकामे उभे राहणे माझ्या स्वभावात नाही. खांद्यावरच्या झोळीत फूलस्केप कागद आणि कार्बन मी नेहमीच बाळगतो. पट्ट्याच्या कडेला एका खांबाला कागद टेकवून मी लिहिले, तो अर्ज आजही मला तोंडपाठ आहे. 'विषय: कोचीचे विमान थोडा वेळ थांबविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदाराची सख्खी बहीण अत्यवस्थ असून अर्जदाराची वृद्ध आई तिच्या अंतिम भेटीकरिता प्रवास करीत आहे. मागील विमान अर्जदाराच्या नियंत्रणाबाहेरील कारणाने विलंबाने आले असून, त्यात अर्जदाराचा कोणताही कसूर नाही. सबब माणुसकीच्या दृष्टीने पुढील विमान रोखून धरावे ही नम्र विनंती.' खाली आईचे आणि माझे नाव. आजही वाचतो तेव्हा त्यात एक शब्द मागेपुढे करावा असे वाटत नाही.

तेवढ्यात पिशवी आली. आईने ती पट्ट्यावरून ओढून कडेवर मूल घ्यावे तशी घेतली आणि मला न विचारता चालू लागली. वरच्या मजल्यावर पुढच्या कंपनीची खिडकी सापडेपर्यंत आम्ही दोन ठिकाणी चुकलो. खिडकीवर एक मुलगी होती, आपल्याच मराठीत बोलणारी. तिच्यापुढची रांग संपली होती.

"कोची का? लवकर काका, लवकर! आधार द्या आणि पिशवी इथे ठेवा. बंद होतच आलंय."

मी अर्ज पुढे केला. "आधी हे घ्या."

तिने वरवर पाहिले. "हे काय? अहो, अर्ज कशाला, मी घेतेय ना तुम्हाला. आधार द्या."

"अर्ज घेतल्याची पोच द्या," मी कार्बन प्रत पुढे सरकवली. "सही आणि शिक्का."

"काका, माझ्याकडे शिक्का नसतो."

"ज्यांच्याकडे असतो त्यांना बोलवा."

आता वाचणाऱ्याला वाटेल, या माणसाला काय झाले होते. मला काही झालेले नव्हते. मी माझ्या धंद्याच्या अनुभवाने उभा होतो. तोंडी 'घेतेय ना' म्हणणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली आहेत. उद्या हीच म्हणाली असती, तुम्ही वेळेत आलाच नाहीत, तर माझ्या हातात काय होते? आणि समजा तिने चढवले नाही, तर विमान थांबवण्याची मागणी कोणाकडे, केव्हा केली, याला पुरावा काय?

आईने मागून माझी बाही ओढली. "बाबू, पोरगी पिशवी मांगून राहिली. देऊन टाक ना."

"माय, तू थांब. हे तुला समजत नाही."

हे वाक्य मी आईला त्याआधी कधी बोललो नव्हतो.

मुलीने एकदा घड्याळाकडे, एकदा आईकडे पाहिले. मग कदाचित भांडण वाढू नये म्हणून, ती अर्ज घेऊन उठली आणि मागच्या दाराने आत गेली. आम्ही उभे राहिलो. आईने पिशवी खाली टेकवली. मुलगी परत आली तेव्हा तिच्यासोबत एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी माझ्या प्रतीवर सही केली, शिक्का मारला. स्वच्छ, चौकोनी, निळा शिक्का. मी प्रत घडी करून खिशात ठेवली आणि दोघांची आधार कार्डे पुढे केली.

मुलीने कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. "काका, आता घेत नाहीये. बंद झालं."

"पण आम्ही इथेच होतो! तुमच्यासमोर होतो!"

"हो," ती म्हणाली. "मला माहीत आहे." तिचा आवाज चिडका नव्हता.

आई पिशवीवरच बसली. म्हणाली, "आता कवा?"

नवी तिकिटे काढून दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आम्ही कोचीला पोहोचलो. जावई बाहेर उभे होते. त्यांनी आईच्या हातातून पिशवी घेतली आणि तशीच धरून राहिले. म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत बोलत होती. दाराकडे बघत होती. सकाळपासून ओळखत नाही."

दवाखान्यात आईने तिच्या कपाळावर हात ठेवला, तिच्या कानाशी जाऊन जुन्या गावातल्या हाका मारल्या. बहिणीचा श्वास यंत्राच्या तालावर चालू होता. डोळे अर्धे उघडे होते, पण पाहत नव्हते. मी पायाशी उभा होतो. माझ्या खिशातली घडी मला टोचत होती, असे मी म्हणणार नाही. कागद टोचत नाही. मी ती काढून पाहिलीही नाही.

संध्याकाळी जावयांच्या क्वार्टरवर आईने दातांनी सुतळी तोडून पिशवी उघडली आणि पेज शिजायला ठेवली. वास सुटला. शेजारची मल्याळी बाई दारात येऊन उभी राहिली, काही तरी विचारू लागली, आणि आईने तिला आपल्या बोलीतच सांगितले, "पोरीसाठी." पेज डब्यात भरून आम्ही दवाखान्यात नेली. नर्सने नकारार्थी मान हलवली. डबा तसाच परत आणला. आईने तो उघडला, मीठ घातले, तीन वाट्या केल्या. जावयांना एक, मला एक.

"पी," ती म्हणाली. "अन्नाचा काय दोस?"

मी प्यालो. त्यानंतर चिन्नोर मला गोड लागलेला नाही.

बहीण फार दिवस राहिली नाही. तिकडेच, जावयांच्या कार्यालयातील चार माणसांसमोर, त्रिशरण-पंचशील म्हणून तिला निरोप दिला. परत येताना जावयांनी दोन्ही विमानांचे तिकीट एकातच काढून दिले. कोचीत दिलेली बॅग सरळ नागपुरात मिळाली. मी ती उचलली तेव्हा आई दुसरीकडे पाहत होती.

आईने मला त्या खिडकीवरच्या प्रकाराबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही. घरी येणाऱ्या बायकांना ती एवढेच सांगते की विमान चुकले. कसे चुकले, हे सांगत नाही. मी मात्र पुष्कळ विचार केला आहे, आणि अर्जात चूक नव्हती या मतावर मी कायम आहे. मत कायम ठेवून माणसाला झोप येतेच असे नाही.

गेल्या महिन्यात रेशन कार्डावरील आईच्या नावात दुरुस्ती करायची होती. मी कागद तयार करून ठेवणारच होतो. त्या दिवशी दुपारी ती नेहमीप्रमाणे माझा डबा घेऊन कचेरीत आली. पण फाटकातून शिरल्यावर उजवीकडे न वळता डावीकडे गेली. तिथे दुसरा एक अर्जनवीस बसतो. त्याचे अक्षर किरटे आहे आणि 'सबब' कुठे वापरावा हे त्याला कळत नाही. त्याने दोन ओळींत काही तरी खरडले, तिने अंगठा दिला, आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. माझ्यासमोर तीन माणसे बसली होती. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

मग ती माझ्या टेबलापाशी आली आणि डबा ठेवला.

"झाले काम?" मी विचारले.

"झालं."

"पोच घेतली?"

"नाही मांगतली," ती म्हणाली आणि डब्याचे झाकण उघडून माझ्यापुढे सरकवले. "भाजी थंडी होऊन राहिली. जेव."