हंबीररावाचे सहा पावणे

मुरगूडच्या अलीकडं, ओढ्याच्या अंगाला हंबीररावाचं गुऱ्हाळ. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त खिशात हात घालायची वेळ आली की त्याला आपल्याला हात आहेत याचाच विसर पडायचा. हॉटेलात चौघं चहाला बसली की हा पाचवा यायचा आणि पैसे द्यायच्या आधी पहिला उठायचा. देवळात नारळ फोडला की पुजाऱ्याकडं असा टक लावून बघायचा, की पुजारी बिचारा आपलं खोबरंसुद्धा त्याच्याच हातावर ठेवायचा.

पण मिरवायचं म्हणाल तर गडी एक नंबर. ब्याऐंशी साली दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताला कोल्हापूरच्या गूळ बाजारात त्याच्या गुळाला सगळ्यांत चढा भाव लागला. अडत्यांनी त्याला जरीकाठाचा गुलाबी फेटा बांधला. त्या फेट्यात हंबीरराव आठ दिवस वावरला. पुढं वर्षभर लग्नात फेटा, बारशात फेटा. एका मयतीलाही बांधून निघाला होता, तेव्हा बायकोनं, शालूबाईनं, दारातच काढून घेतला.

आता कशाला खोटं बोला, त्या गुळात हंबीररावाचं काय होतं? ऊस रानाचा आणि अक्कल मौलाची. मौला गुळव्या निपाणीच्या पलीकडचा, म्हणजे कर्नाटकातला. वीस वर्षं तो आपली पाच माणसं घेऊन हंगामाला यायचा. काहिलीतला, म्हणजे भल्या थोरल्या कढईतला, रस उकळून पाक झाला की चिमूटभर पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी करायची, काहिलीच्या काठावर वाजवून बघायची. आवाज मनासारखा आला की मौला म्हणायचा, "घ्या उतरून." त्या दोन शब्दांवर सगळं गुऱ्हाळ चालायचं. ते बोलायला पाच मिनिटं उशीर झाला तर पिवळाधमक गूळ काळा ठिक्कर पडतो. हंबीरराव त्या वेळी काय करायचा? बाजेवर बसून पान लावायचा.

आणि अशात सरकारी कागद आला. परराज्यातली पाच किंवा जास्त माणसं कामाला आणली तर मालकानं नाव नोंदवायचं आणि फी भरायची. फी मालकाची, ती मजुराच्या पगारातनं कापायची नाही, असंही त्यात लिहिलं होतं. फी केवढी, तर गुळाच्या दोन रव्यांची, म्हणजे दोन ढेपांची, किंमत. तेवढ्यानं हंबीररावाची झोप उडाली.

"चार कोसावरनं माणूस येतो तर त्यो परका कसा?" तो शालूबाईला म्हणाला. "निपाणीतनं आमचा कोंबडा आरवल्याला ऐकू येतोय."

"मग तसं सायबाला सांगा की," शालूबाई म्हणाली, "आनि फीबी भरा."

भरतो कसला. त्यानं मौलाला बोलावलं. सरकारनं तुमच्यावर फी बसवलीय म्हणाला, आणि सहाही जणांच्या उचलीतनं ती कापून घेतली. मौलानं कागद बघायला मागितला, तर म्हणाला, मराठीत हाय, तुला न्हाय कळायचा. मौला निपाणीच्या मराठी शाळेत सातवी पास झालेला होता. पैसे हंबीररावाच्या बंडीच्या आतल्या खिशात गेले आणि तिथंच राहिले. सरकारला एक पैसा पोचला नाही.

त्र्याऐंशीचा पाडवा उद्यावर आला. मुहूर्ताच्या सौद्यासाठी हंबीररावानं बांधावरचा निवडक ऊस राखून ठेवला होता. त्याची एकच काहील निघणार होती. संध्याकाळी गूळ घेऊन गाडी कोल्हापूरला जायची होती, दुसरी काहील लावायला ना ऊस होता ना वेळ. यंदाही फेटा आपलाच, असं त्यानं चावडीत चौघांत बोलून ठेवलं होतं. सकाळी चुलवाण पेटलं, रसाला उकळी फुटली, मळी निघाली, आणि नेमकी त्याच वेळी फटफटी आली. कामगार खात्याचे साहेब.

साहेब शांत माणूस. वही काढून म्हणाले, "ही सहा माणसं कुठली? नोंदणी केलीय?"

हंबीररावाचं डोकं अशा वेळी फार जोरात धावायचं. आडवं धावायचं, ते सोडा. "छ्या छ्या सायेब, कामगार कुठलं? ही आमची पावणं. दिवाळीला आल्यात. रिकामं बसवंना म्हणून हौसंनं हात लावत्यात."

"लिहून देता?"

"देतो की."

आणि दिलं. खाली झोकात सही ठोकली. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मौलाला विचारलं, "तुम्ही यांचे पाहुणे?"

मौलानं हंबीररावाकडं बघितलं. मग बंडीच्या खिशाकडं बघितलं. हातातला झारा खाली ठेवला, हात धुतले, खांद्यावरच्या पंच्यानं पुसले. "मालक म्हणत्यात तर असंल," म्हणाला, आणि थेट येऊन हंबीररावाच्या बाजेवर मांडी घालून बसला. त्याच्या मागनं बाकीचे पाच आले. जाळ घालणाराही आला. येताना चुलवाणात भरपूर चिपाडं सारून आला होता.

हंबीररावाला आधी बरंच वाटलं. मौला सोंग बरं वठवतोय म्हणाला मनात. साहेबांनी चहा घेतला, पण उठायचं नाव घेईनात. तिकडं काहिलीत पाक फुलायला लागला, बुडबुडे जड झाले. हंबीरराव खोकला. मौलानं त्याला तंबाखू दिली. हंबीररावानं डोळ्यानं खुणावलं. मौलानं विचारलं, डोळ्यात काय गेलं काय.

"मौलाभाई," शेवटी हंबीरराव म्हणाला. वीस वर्षांत तो पहिल्यांदाच भाई म्हणाला. "जरा बघता काय तेवढं?"

"मी कसा बघू? पावण्यानं यजमानाच्या चुलीत हात घालू न्हाय. आनि तुमी तर लिवून दिलंय."

साहेब वहीतनं मान वर करून म्हणाले, "अजून वेळ गेली नाही. फी भरा, नोंदणी करा, कागद फाडून टाकतो. तेवढं एक सांगा, यांच्या पगारातनं काही कापलंय का? ते निघालं तर मात्र खटला होईल."

हंबीररावाचा हात बंडीच्या आतल्या खिशापाशी गेला आणि थांबला. फी तिथंच होती, पै न् पै. बाहेर काढली तर हे सहाजण सहा तोंडांनी सांगणार, कुणाची ती. आत ठेवली तर काहील जाणार. घामानं माणूस निथळला, पण हात काही खिशात जाईना. सवयच नव्हती.

मग तो स्वतःच उठला. वीस हंगाम बघितलंय, त्यात काय मोठंसं, असं म्हणत पाक पाण्यात टाकला. गोळी करायला गेला तर बोटं भाजली. दुसऱ्यांदा केली, काठावर वाजवली, आवाज आला. पण तो चांगला का वाईट हे कुणाला ठाऊक? त्यानं बाजेकडं बघितलं. मौला वर आढ्याकडं बघत होता. ऊस गाळायच्या घाण्यावरची गावातली दोन माणसं हाकेसरशी धावली, तिघांना ती काहील हलेना. कडू वास पार ओढ्यापर्यंत गेला. शेवटी कशीबशी तिरकी करून गूळ निववायच्या वाफ्यात ओतली तेव्हा आत जे पडलं, त्याला गूळ म्हणणं म्हणजे गुळाचा अपमान होता.

तेवढ्यात शालूबाई घरातनं ताटं घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. सहाजणांना करंज्या-चिवडा वाढला, कुंकू लावलं, पाचजणांच्या हातात टॉवेल-टोपी आणि नारळ ठेवला. मग नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दिवाळीचं पावणं हायती. रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? तुमच्या त्या आतल्या खिशात हाय बगा, ते वाटा सगळ्यांस्नी."

साहेब बघत होते. हंबीररावानं खिशात हात घातला. सहाजणांना सहा वाटण्या केल्या, हसत हसत. ते हसू बघून घाण्यावरच्या माणसांनी तोंड फिरवलं.

"आनि थोरल्या पावण्याला टोपी शोभंना," असं म्हणत शालूबाई आत गेली आणि ट्रंकेतनं तो जरीकाठाचा गुलाबी फेटा घेऊन आली. मौलानं फेटा कपाळाला लावला, डोक्याला बांधला, "येतो आक्का," म्हणाला, आणि माणसांना घेऊन निपाणीच्या वाटेला लागला. साहेब त्या कागदाची घडी वहीत घालून फटफटीवर बसले.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला हंबीरराव बाजारात गेला, मागनं शालूबाईही. आधीच बोलून बसला होता, जाणं भाग होतं. गूळ हातभट्टीवाल्यानं घेतला, तोही घासाघीस करून. गेल्या सालचे मानकरी फेटा बांधून पुढं बसायचे अशी तिथली रीत. हंबीररावाचं डोकं उघडं बघून अडत्या म्हणाला, "काय हंबीरराव, फेटा कुठं गेला?"

"पावण्याला दिला."

"झकास केलंसा. कुठलं म्हणायचं पावणं?"

हंबीरराव पानासाठी खिसा चाचपायला लागला. त्याच्या मागं उभी असलेली शालूबाई म्हणाली, "गेल्या साली तुमी फेटा बांधला की न्हवं? त्यो गूळ ज्यांनी केलता, ते."