पाणी विचारणाऱ्या भट्टीमामी

दारात आलेल्याला लोक पाणी देतात. भट्टीमामी पाणी विचारत. "कोन्त्या पान्यात राहीन हे? थंड का गरम? खारं का गोडं?" याचं उत्तर मिळेपर्यंत त्या भाव सांगत नसत. पवनीत त्यांचा छोटा फोर्जिंगचा कारखाना होता. तापल्या स्टीलवर घण पडत असे आणि घणापेक्षा मोठा मामींचा आवाज. मी जवळच्या राइस मिलमध्ये, धान उकडायच्या टाकीवर काम करतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा "चांगलं स्टेनलेस द्या" एवढंच म्हणालो, तर मामींनी अशी हजेरी घेतली की मी घाम पुसतच बाहेर आलो.

स्टीलच्या ग्रेडना त्या घरची माणसं समजत. "चारशे दहा म्हन्जे खाष्ट सासू. कडक, धार धरते, पन ओल सहन होत नाही तिले. तीनशे चार गुनाची सून, वाफेत-पान्यात नांदते. तीनशे सोळा मोठ्या घरची पोरगी. खारं पानी असंन तरच आनाची." कोणी खिशातून चुंबक काढला की त्या भडकत. "चिकटला म्हनून खोटं नसते अन् नाही चिकटला म्हनून खरं नसते. दोनशेच्या जातीले बी नाही चिकटत, अन् ते गंजते!"

फक्त जावयापुढे हा आवाज खाली यायचा. मुलगी आणि जावई त्यांच्याकडेच राहत; माल आणायचं काम जावयाचं. 'जवाईबापू' जेवल्याशिवाय मामी ताटावर बसत नसत. आम्ही चिडवायचो, "मामी, जवायाचा ग्रेड तपासला का?" त्या पदर तोंडाला लावून हसत.

आमच्या वाफेच्या टाकीच्या झाकणाचे बोल्ट त्यांनीच घडवले. मी न्यायला गेलो, तेव्हा मामींनी सवयीनं एका बोल्टवर तपासणीचं औषध टाकलं आणि बॅटरीच्या तारा लावल्या. थेंब लाल झाला. म्हणजे तीनशे चारऐवजी हलका माल, दोनशेच्या जातीचा. दुसरा बोल्ट घेतला, तोही लाल. जावई हळूच म्हणाला, "आई, चुंबक तं चिकटत नाही ना? मंग मिलवाल्याले काय समजते?"

तो मिलवाला, म्हणजे मी, समोरच उभा होतो. वाफेत ते बोल्ट कधीतरी तडकले असते, आणि त्या झाकणाशेजारी रोज मीच असतो.

मामींनी सगळे बोल्ट भट्टीत टाकायला लावले आणि एकेक घणाखाली चपटा केला. मग म्हणाल्या, "जवाईबापू, आता या दारात येऊ नोका." जावयाला! आमच्याकडे जावयाला पाटावरून उठ म्हणायची कोणाची छाती नाही. मी आ वासून पाहत राहिलो.

आवाज ऐकून मुलगी बाहेर धावली. तिला दिवस गेले होते. "आई, काय केलं यायनं?"

आता मामी सगळं सांगतील असं मला वाटलं.

"काही नाही," मामी म्हणाल्या. "मले यायचं तोंड पाहू वाटत नाही."

मी पुरता हादरलो तो हे ऐकून. मुलगी रडत रडत नवऱ्याबरोबर त्याच्या गावी, बपेऱ्याला निघून गेली.

"मामी, तिले काहून नाही सांगितलं?"

"तिले त्याच्यासंगं जलम काढाचा हाये, भाऊ. माह्यावर रागावली तं रागावली. त्याच्यावरचा भरोसा गेला तं कोनाच्या भरोशावर राहीन? तुमीबी बोलू नोका."

मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटत नाही.

मामींनी तीनशे चारचे नवे बोल्ट करून दिले. ते आजही टाकीवर आहेत. मुलीनं मात्र परत तोंड दाखवलं नाही. नातीच्या बारशाचं बोलावणंही आलं नाही, आणि मामींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात मामी गेल्या. तेव्हा मुलगी आली. कडेवर पोर, शेजारी नवरा. मला पाहून थेट माझ्याकडे आली. "भाऊ, तुमी होते ना त्या दिवशी? आईनं यायले काहून हाकललं? खरं सांगा."

जावई पांढराफटक पडला. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

"तुमच्या आईचा स्वभावच तापट, ताई," मी म्हणालो.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि तिनं पोर नवऱ्याच्या हातात दिलं.