लागू पडलं

माझ्या नणंदेने लग्न केलं नाही, पण तिच्या तोंडी दिवसभर एक 'तो' असायचा. "आज तो हट्टाला पेटलाय." "आज त्याने मान टाकली." लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी कान टवकारून ऐकायचे. पुढे कळलं, हा 'तो' म्हणजे एचआयव्हीचा विषाणू. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "जावई मिळाला तोही असला!"

वन्सं विषाणूंच्या प्रयोगशाळेत होत्या. विषाणू पेशीत शिरतो कसा, यावर त्यांनी डॉक्टरेट केली आणि त्याला दारातच अडवणारं औषध शोधण्यात उमेदीची वर्षं घातली. शेकडो रसायनं तपासायची. बहुतेक तर पेशींचाच जीव घ्यायची. मी शिवणकाम करणारी बाई. मला इतकंच समजायचं की डाग काढायचाय, पण कापड विरता कामा नये. हे वन्संना पटलं होतं. एरवी माझं काही पटवून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

त्यांना न्यायला-आणायला संस्थेची गाडी होती. गाडीच्या ड्रायव्हरलाच हा आजार होता, त्याच्या बायकोलाही. हे संस्थेत फक्त वन्संना ठाऊक होतं. त्यांनीच दोघांना दवाखान्यात नेऊन गोळ्या सुरू करून दिल्या होत्या. गोळ्यांनी त्याला सकाळभर मळमळायचं, पण अंग धरू लागला होता.

एका संध्याकाळी घरी येताना गाडीत वन्संना सहकाऱ्याचा फोन आला. जन्मात कधी आवाज न चढवणाऱ्या वन्सं ओरडल्या, "लागू पडलं! अरे, लागू पडलं!" घरात आल्यावरही तेच. सासूबाईंचे डोळे भरून आले.

प्रयोगशाळेत 'लागू पडलं' म्हणजे प्लास्टिकच्या बशीत, पोसलेल्या पेशींवर लागू पडलं. तिथून माणसाच्या पोटात जायला वर्षं लागतात, आणि बहुतेक औषधं वाटेतच गळतात. बाकी साऱ्या जगात 'लागू पडलं' म्हणजे रोगी उठून बसला.

ड्रायव्हरने गोळ्या सोडल्या. कुणाला बोलला नाही.

वर्षभराने तो खोकल्याने आडवा झाला. वन्संबरोबर मीही दवाखान्यात गेले. तो धापा टाकत होता, तरी हसून म्हणाला, "मॅडम, कधी येतंय तुमचं औषध? मी कधीचा थांबलोय."

"थांबलाय म्हणजे?"

"गोळ्या बंद केल्या की. तुमचं लागू पडलंय म्हटल्यावर ती मळमळ कशाला सोसायची?"

वन्संनी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. आठवड्याच्या आत तो गेला.

वन्सं रडल्या नाहीत. जेवायच्या, झोपायच्या, कामावर जायच्या. पुढच्या चाचणीत त्यांचं औषध पडलं. माणसाच्या रक्तातली प्रथिनं त्याला चिकटून बसायची, विषाणूपर्यंत फारसं काही पोचायचंच नाही. एवढी वर्षं पाण्यात गेली, हे त्यांनी ताट वाढून घेताना सांगितलं आणि मीठ मागितलं. मला भयंकर राग आला. "दगड आहे का ही बाई?" असं मी नवऱ्याला म्हटलं. मग ध्यानात येऊ लागलं की त्या तिसऱ्या हाकेला ओ देतात, चहा गार झाल्यावर पितात. 'तो' हा शब्द तर घरातून गेलाच होता.

अशात एके दुपारी ड्रायव्हरची बायको आली. बसली नाही. "मॅडम, मी गोळ्या बंद करायचं म्हणतेय," ती म्हणाली. "ह्यांना कुठे उपयोग झाला? मला तरी काय होणार?"

'डॉक्टरांनी सांगितल्यात ना, मग घ्या' असं म्हणून वन्संना मोकळं होता आलं असतं. मी तर तेच धरून चालले होते.

"बंद करू नका," वन्सं म्हणाल्या. "त्यांना उपयोग होत होता. त्यांनी घ्यायच्या सोडल्या होत्या. माझ्यामुळे." मग त्यांनी गाडीतला फोन सांगितला, बशी म्हणजे काय ते सांगितलं. आवाज सपाट, एखादा पत्ता सांगावा तसा. हात मात्र खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून होते.

बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्हाला तर आमचं माहीत होतं. मग अजून अवकाश आहे, एवढं गाडीतच का नाही सांगितलंत त्यांना?"

"ते ऐकतायत, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

बाईने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "गोळ्या घेईन मी," असं म्हणाली आणि 'येते' न म्हणताच निघून गेली.